काटा फुलवर, टाकी कोरडी: बोटीच्या डिझेल गेजचं करायचं काय?

सातपुड्याचा नावाडी | रविवार, रात्री ९:५०

मंडळी, सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

अक्राणी तालुक्यात नर्मदेच्या काठावर माझी आणि चुलतभावाची एक फायबरची बोट आहे. २४ फुटी, दोन सिलिंडरचं २० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, मागच्या फळीखाली ८० लिटरची लोखंडी टाकी. सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हापासून इकडच्या बऱ्याच पाड्यांना बोट हाच रस्ता. बाजार, रेशन, दवाखाना आणि सध्या वैशाख म्हणून आमचूरच्या गोण्या, सगळं पाण्यावरून. मी नोकरीला शहाद्याला असतो, बोट भाऊ चालवतो.

गुरुवारी संध्याकाळी भूषाहून ११ माणसं घेऊन तो निघाला. त्यात तापाने फणफणलेलं एक चार वर्षांचं पोर. काटा फुलवर होता, म्हणून डिझेलचे दोन कॅन त्याने किनाऱ्यावरच ठेवले. गोण्यांचं वजन आधीच होतं. तासाभराने इंजिन खोकललं आणि बंद पडलं. काटा तेव्हाही फुलवरच. दोन्ही बाजूंनी डोंगराचे कडे सरळ पाण्यात उतरलेले, बोट लावायला जागा नाही, मोबाईलला रेंज नाही, अंधार पडत आलेला. वल्ही होती म्हणून बोट कड्यापासून लांब ठेवता आली. शेवटी मासेमारीच्या एका डोंगीवाल्याने आवाज ऐकला आणि दुसऱ्या डोंगीतून डिझेल आणवलं. पोर आता बरं आहे. पण मला त्या रात्रीपासून नीट झोप नाही.

टाकीत बांबू घालून बघितला, तर बुडाला जेमतेम बोटभर डिझेल. मग काटा फुल कसा? टाकीतला फ्लोट अडकला असेल का? नवीन टाकायचा तर कुठला? मी यातला नाही, पण मल्टिमीटर घरात आहे आणि सांगाल तसं करायची तयारी आहे.

पंपसेटवाला_यावल | रविवार, रात्री १०:१५

आधी इंजिनाकडे बघा. डिझेल पूर्ण संपलं म्हणजे लाइनीने एअर घेतला असणार. विहिरीवरच्या इंजिनाला आपण काढतो तसाच फिल्टरपासून पंपापर्यंत आणि पुढे इंजेक्टरपर्यंत एअर काढा. आणि फिल्टर बदलाच. टाकी तळाला लागली की बुडातला सगळा गाळ आणि पाणी वर ओढलं जातं. आज चालू झालं तरी चार दिवसांनी परत पाण्याच्या मध्यात बंद पडेल.

तापीकाठचा | रविवार, रात्री १०:२२

भाऊ, मानसं वाचनात हाई मोठी गोट शे. गेजनं मंग देखसूत.

वायरमन_दोंडाईचा | रविवार, रात्री ११:०५

फ्लोटवर लगेच आळ घेऊ नका. या कामात तीन गोष्टी असतात: समोरचा गेज, टाकीवरचा सेंडर (ज्याला आपण फ्लोट म्हणतो) आणि दोघांमधली वायर. चौथी गोष्ट अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वायर, आणि माझ्या अनुभवात निम्म्या वेळा दोष तिथेच निघतो.

सेंडर म्हणजे दुसरं काही नाही, फ्लोटबरोबर बदलणारा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा; तो ओहममध्ये मोजतात. डिझेल खाली-वर झालं की ओहम बदलतात आणि गेज ते ओहम काट्यावर दाखवतो. म्हणून तपासणी पुढून मागे करत जायची.

गेजच्या पाठीमागे तीन बोल्ट असतील. आय म्हणजे चावीतून येणारा १२ व्होल्ट, जी म्हणजे अर्थ, एस म्हणजे सेंडरची वायर. चावी ऑन करून एसवरची वायर काढा आणि काटा कुठे जातो ते लिहून ठेवा. मग तारेच्या तुकड्याने फक्त एस आणि जी क्षणभर जोडा, परत काटा बघा. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला तर गेज जिवंत आहे. आयला मात्र ती तार लागता कामा नये.

गॅरेज१९ | सोमवार, सकाळी ७:४०

एवढं कशाला? सेंडरच्या वायरला बॅटरीचा १२ व्होल्ट डायरेक्ट द्या, काटा हलतो का बघा. आम्ही ट्रॅक्टरला असंच करतो.

वायरमन_दोंडाईचा | सोमवार, सकाळी ८:०२

@गॅरेज१९ दादा, हे कृपा करून करू नका आणि कुणाला सांगूही नका. सेंडरच्या आतली रेझिस्टन्सची तार केसासारखी बारीक असते. गेजमधून तिला अगदी थोडा करंट मिळतो, तेवढ्यासाठीच ती बनवलेली असते. डायरेक्ट १२ व्होल्ट दिला तर ती जळते, आणि हे सगळं इंधनाच्या टाकीच्या तोंडात. ट्रॅक्टर पेटला तर माणूस उडी मारून बाजूला होतो. बोटीवर उडी कुठे मारणार?

हतनूरकाठ | सोमवार, सकाळी ८:३०

वरच्या मुद्द्याला जोडून. आमची बोट पेट्रोलवर चालते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून जात नाही, बोटीच्या बुडात साचून राहते. झाकण काढायच्या आधी सगळ्या फळ्या उघडून वारा खेळू द्यायचा, बुडात वाकून वास घ्यायचा, आणि टाकीजवळची कुठलीही वायर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडायची.

डिझेलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान ३५ अंश ठेवलेला असतो. वैशाखात आपल्याकडे सावलीतच पारा ४४-४५ ला जातो, मग बंद फळीखाली किती होत असेल? सेंडर काढायचं काम पहाटे करा.

सातपुड्याचा नावाडी | मंगळवार, रात्री ८:१०

सगळ्यांचे आभार. फिल्टर बदलला, एअर काढला. जुन्या फिल्टरमधून वाटीभर काळा गाळ निघाला, यावलच्या दादांचं म्हणणं तंतोतंत खरं.

आज सुटी टाकून बोटीवर गेलो होतो. एसची वायर काढली, काटा एम्प्टीच्याही खाली पडला. एस आणि जी जोडले, काटा फुलवर. म्हणजे गेज चांगला ना?

मग वाटलं की वाटेत वायर कुठेतरी सोलून अर्थला लागत असेल, म्हणून काटा कायम फुल. ती गेजला परत जोडली आणि टाकीकडचं टोक मोकळं केलं. काटा परत खाली. म्हणजे वायरही निर्दोष. शेवटी बॅटरीची निगेटिव्ह काढून सेंडरच्या दोन बोल्टांवर मल्टिमीटर लावला. टाकी जवळपास रिकामी आणि ओहम दाखवतो १२.

फ्लोट वरच अडकलाय, असंच ना? नवीन मागवू का?

गॅरेज१९ | मंगळवार, रात्री ८:३५

सेंडर गेला. बदला.

वायरमन_दोंडाईचा | मंगळवार, रात्री ८:५०

मलाही तसंच वाटतंय. एकतर फ्लोट वर अडकलाय, नाहीतर आत शॉर्ट आहे. काढून हाताने हलवून बघा.

अमळनेरचा_दर्यावर्दी | मंगळवार, रात्री ११:२०

थांबा, अजून काही मागवू नका.

मी मूळचा अमळनेरचा. मुंबईला लाँचवर इंजिनाच्या कामात २६ वर्षं काढली, आता घरीच असतो. तुमचा १२ हा आकडा मला खटकतोय. फ्लोट पार वर अडकला असता तर या गेजच्या सेंडरने ३० ते ३५ दाखवले असते. पुरता शॉर्ट असता तर शून्याला टेकले असते. १२ हा दोन्हींत बसत नाही.

बोटींच्या सेंडरमध्ये दोन पद्धती चालतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरलेली असताना ३३. युरोपियन पद्धतीत रिकामी असताना १० आणि भरलेली असताना १८०. तुमचा गेज वायर काढल्यावर खाली पडतो आणि अर्थला जोडल्यावर फुल दाखवतो, म्हणजे तो अमेरिकन पद्धतीचा. युरोपियन गेज असता तर वायर काढल्यावर काटा वर गेला असता.

आता रिकाम्या टाकीवर सेंडर दाखवतोय १२. दहा त्याचे स्वतःचे आणि वरचे दोन गंजलेल्या थिंबलचे (वायरच्या टोकाला बोल्टसाठी असलेली धातूची कडी), असा माझा अंदाज. तो बिघडलेला नाही. तो बरोबर सांगतोय की टाकी रिकामी आहे, पण वेगळ्या भाषेत. गेजला ३३ च्या खालचा आकडा दिसला की तो फुल समजतो.

तीन गोष्टी करा. गेजची पाठ रॉकेलच्या फडक्याने पुसा, आकडे छापलेले असतात. सेंडर बाहेर काढून दांडी खालून वर हळूहळू फिरवत ओहम लिहून काढा. आणि भावाला विचारा, हा सेंडर कधी बदलला होता का?

सातपुड्याचा नावाडी | गुरुवार, रात्री ९:३०

काका, हात जोडतो.

गेजच्या पाठीवर धुळीखाली २४०-३३ स्पष्ट छापलेलं आहे. पहाटे साडेपाचला सेंडर काढला. त्याच्याच बोल्टवर मल्टिमीटर धरला तर दांडी खाली असताना १०, मध्यावर ९१, वर नेल्यावर १७९. कुठेही अडकत नाही, आकडा मध्येच उडत नाही. सेंडर नवाकोरा आहे.

आणि तो खरंच नवा आहे. भावाला विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. दोन महिन्यांपूर्वी जुना सेंडर गळायला लागला म्हणून त्याने एका मिस्त्रीकडून बदलून घेतला. मिस्त्रीने पाच भोकं जुळतात एवढंच बघितलं. टाकी काठोकाठ भरली तेव्हा काटा पावच्याही खाली होता. भावाने विचारलं तर मिस्त्री म्हणाला, नवा आहे, दोन फेऱ्यांत बसेल. दोन फेऱ्यांनी काटा खरंच वर आला! भावाला वाटलं, बसला. प्रत्यक्षात डिझेल संपत होतं आणि काटा चढत होता.

एरवी तो दर दोन-तीन फेऱ्यांनी कॅनने भरायचा, टाकी अर्ध्याच्या आसपास राहायची आणि काटाही अर्ध्यावर. म्हणून दोन महिने कुणालाच शंका आली नाही.

अमळनेरचा_दर्यावर्दी | गुरुवार, रात्री १०:००

हीच या चुकीची सगळ्यात वाईट बाजू. अर्ध्या टाकीला अमेरिकन सेंडर साधारण १०३ देतो आणि युरोपियन ९० च्या आसपास. दोघांची मध्यावर गाठ पडते. त्यामुळे जो माणूस टाकी पूर्ण भरत नाही आणि पूर्ण रिकामीही करत नाही, त्याला गेज खरा वाटत राहतो. गेज मेला असता तर भावाने कॅन बरोबर घेतले असते.

भावाला रागावू नका. काटा बघून निर्णय घेणारा माणूस चुकत नसतो. भोकं जुळली म्हणून पार्ट बसवणारा चुकतो.

गॅरेज१९ | गुरुवार, रात्री १०:२०

मी वर घाईने सेंडर गेला म्हणालो, ते चुकलंच. पण मग नवीन घ्यायची गरज काय? सेंडरच्या दोन वायरी उलट्या करा, काटा सरळ होईल.

वायरमन_दोंडाईचा | गुरुवार, रात्री १०:४१

नाही होणार. रेझिस्टन्सला पुढची-मागची बाजू नसते. वायरी उलट्या केल्या तरी रिकाम्या टाकीला १० ओहम ते १० च.

आणि काका, तुम्ही थांबवलंत ते बरं केलंत. नाहीतर मी त्यांना दुसरा सेंडर घ्यायला लावला असता, आणि तोही दहा-एकशेऐंशीचाच आला असता.

पंपसेटवाला_यावल | शुक्रवार, सकाळी ६:५५

ट्रॅक्टरचा फ्लोट नाही का चालत? आमच्याकडे दुकानात पडलेले असतात, स्वस्त मिळतो.

अमळनेरचा_दर्यावर्दी | शुक्रवार, सकाळी ९:१५

दादा, ट्रॅक्टरच्या फ्लोटचे ओहम प्रत्येक कंपनीचे वेगळे. बसवलात तर आज जी चूक निस्तरतोय तीच पुन्हा. शिवाय बोट दिवसभर डोलते, ट्रॅक्टरच्या फ्लोटची दांडी तेवढ्या हेलकाव्यासाठी नसते. आणि फळीखालच्या दमटपणाने त्याचे उघडे बोल्ट वर्षभरात हिरवे पडतील.

नावाडी, तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. गेज बदलून १०-१८० चा घ्या, किंवा सेंडर बदलून २४०-३३ चा घ्या. गेज बदलणं हाताला सोपं, टाकी उघडावी लागत नाही. पण तुमची टाकी आता उघडलेलीच आहे आणि मूळ गेज उत्तम चालतोय, तेव्हा मी सेंडर बदलेन. काढलेला टाकून देऊ नका. त्यावर रंगाने १०-१८० लिहून ठेवा, म्हणजे पुन्हा कुणी चुकून बसवणार नाही.

मागवताना टाकीची खोली मोजून सांगा. दांडीवाला घेतलात तर तिचा सांधा टाकीच्या निम्म्या खोलीवर यायला हवा आणि दांडीची लांबी खोलीच्या साधारण सात दशांश. ३० सेंटिमीटर खोल टाकीला सांधा १५ वर, दांडी २१ ची. आखूड पडली तर बुडाचं डिझेल काट्याला दिसणारच नाही, लांब झाली तर फ्लोट तळाला घासून अडकेल. टाकीत आडव्या पट्ट्या असतील तर दांडी त्यांना अडत नाही ना, तेही बघा.

पाच भोकं सारख्या अंतरावर नसतात, मुद्दाम तशी ठेवलेली असतात. पॅकिंग फिरवून सगळी भोकं एकाच वेळी जुळली की दिशा बरोबर. ओढून-ताणून बसवू नका. पॅकिंग नायट्राइल रबराचंच घ्या. घरात नळाला लावतो तो सिलिकॉन डिझेलमध्ये मऊ होऊन सुटतो, तो नको. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा.

अर्थचं थिंबल कापून नवीन क्रिम्प करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा, आणि ती वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. बोट फायबरची आहे, तिच्या अंगातून अर्थ मिळत नाही.

हतनूरकाठ | शुक्रवार, दुपारी १:०५

नावाडी भाऊ, तुमच्या धाग्यातून माझंही काम झालं. आमच्या बोटीचा काटा हेलकावा बसला की एम्प्टीला पडायचा आणि परत वर यायचा. चांगदेवच्या बाजूला पक्षी बघायला माणसं घेऊन जातो, ती काट्याकडे बघून घाबरायची. अर्थचं थिंबल बघितलं तर नुसतं हिरवं, हाताने ओढलं तर तुटून आलं. नवीन लावलं, काटा शांत झाला.

सातपुड्याचा नावाडी | पुढचा बुधवार, रात्री ९:००

सेंडर आला. बसवण्याआधी घरीच मल्टिमीटर लावला: दांडी खाली २३८, वर ३४. मगच पैसे दिले. फ्लोट बादलीत रात्रभर बुडवून ठेवला, सकाळी कानाशी हलवून बघितला, आत पाणी शिरलेलं नाही.

रविवारी पहाटे दोघांनी मिळून बसवला. काकांनी सांगितल्याप्रमाणे अर्थची नवी वायर बॅटरीपर्यंत ओढली. मग टाकी पूर्ण कोरडी करून, पुसून, २० लिटरच्या कॅनने मोजून भरली. प्रत्येक वेळी काटा बघायचा आणि सागाची पट्टी तळाला टेकवून खूण करायची. भावाने करवतीने खाचा पाडल्या, म्हणजे रंग उडाला तरी अंधारात बोटाने कळेल.

यात एक गोष्ट अशी निघाली की ती सगळ्यांनी आपापल्या टाकीवर तपासावी. आमची टाकी बोटीच्या बुडाच्या आकाराची आहे, खाली निमुळती. त्यामुळे पहिल्या २० लिटरलाच काटा पावच्या बराच पुढे गेला. अर्ध्यावर काटा आला तेव्हा टाकीत ३० लिटर होते, ४० नाही. म्हणजे सेंडर बरोबर, गेज बरोबर, आणि तरीही अर्धा काटा म्हणजे अर्धं डिझेल नव्हे. काट्याशेजारी पांढऱ्या रंगाने लिटरचे आकडे लिहिले आहेत.

भरलेल्या गोण्यांसह दोन फेऱ्या मोजल्या. आमच्या इंजिनाला तासाला साडेतीन लिटरच्या आसपास लागतं. आता निघताना जायला लागेल तेवढं, यायला तेवढं आणि तेवढंच शिल्लक, असा हिशोब वहीत मांडून निघायचं ठरवलंय. पट्टी घालून आकडा वहीत लिहिल्याशिवाय चावी फिरवायची नाही, हे भावाने स्वतःहून सुरू केलं.

तापीकाठचा | बुधवार, रात्री ९:२०

वाचनखूण साठवली. सारंगखेड्याकडे दोन ओळखीचे बोटवाले आहेत, त्यांना वाचून दाखवतो.

अमळनेरचा_दर्यावर्दी | बुधवार, रात्री ९:४५

फार नीट काम केलंत. फक्त पट्टी घालताना बोट सपाट उभी असू द्या. गोण्या मागे लादलेल्या असताना मोजलंत तर डिझेल मागच्या बाजूला सरकतं, पट्टी आणि काटा दोन्ही वेगळे आकडे सांगतील. तुमचं भोक टाकीच्या मध्यावर आहे की मागे?

सातपुड्याचा नावाडी | बुधवार, रात्री १०:१०

मागे आहे, काका. म्हणजे गोण्या मागे असताना पट्टी जास्त दाखवणार. उद्या भावाला सांगतो, माणसं आणि माल चढायच्या आधीच मोजायचं. दोन कॅन मात्र आता बोटीतच असतात, गोणी एक कमी घेतो.